पंपाच्या खोपटीतला बल्ब

रिव्हरटन, मॅनिटोबा
२४ नोव्हेंबर २०१३

रूना,

शिडीवरून उतरलो, हातमोजे काढले आणि सरळ लिहायला बसलो. बल्ब अजून पेटतोय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गॅरेजचं उघडं दार दिसतं, त्यात तो दिसतो. आत्ता मेणबत्तीएवढा आहे. रंग गुलाबी.

हे पिळाचे बल्ब गेल्या वर्षी टपालाने फुकट आले होते. सोबत पत्रक होतं, वीज वाचवा म्हणून. ब्रिन्याने विनिपेगहून येऊन जुने काढले आणि हे लावले. माझी पोरगी एकदा पत्रक वाचते आणि मग कोणाचं ऐकत नाही. उन्हाळ्यात ठीक होते. आज उणे सव्वीस आहे. बटण दाबलं, मासेमारीचं जाळं टेबलावर पसरलं, सुई ओवली, तरी अंधारच. दहा मिनिटांनी थोडं दिसायला लागतं. तोवर बोटं कामातून गेलेली असतात आणि मी घरात येतो.

काल अर्बोर्गला ओरेस्टच्या दुकानात गेलो. म्हटलं, हे बल्ब थंडीत चालत नाहीत.

"कोण चालतं?" तो म्हणाला.

मग त्याने अकरा प्रकारचे बल्ब माझ्यापुढे मांडले. कोणता घ्यावा ते त्यालाही माहीत नव्हतं. म्हणाला, "तुझी मेहुणी तिकडे व्हिक्टोरियात दिव्यांच्या दुकानात होती ना? तिला विचार की. की अजून भांडण आहे?"

"भांडण कधीच नव्हतं."

"मग शेहेचाळीस वर्षांत दोनदाच कशी आली?"

मी हातमोज्यांचा एक जोड घेतला आणि निघालो.

इंगा असती तर हे पत्र तिने लिहिलं असतं. बहिणीला लिहिणं हे तिचं काम होतं. तिला जाऊन अडीच वर्षं झाली, तेव्हा मीच विचारतो. जागा तीन आहेत. गॅरेज: तिथे मी जाळी सांधतो, शेगडी नाही. दुसरी, मागच्या दारावरचा दिवा: काचेची बंद हंडी आहे, सरोवरावरचा वारा थेट तिच्यावर येतो. तिसरी, पंपाची खोपटी. तिथे अजून जुना साठ वॅटचा आहे. तुझ्या वडिलांनी लावलेला, म्हणजे बल्ब बदलत गेले, जागा तीच. नोव्हेंबर ते एप्रिल दिवसरात्र चालू असतो. ब्रिन्या त्याच्यावरही टपली आहे.

फोन करू नकोस. डावा कान पूर्ण गेला. उजव्यात बर्फावरच्या गाडीचं इंजिन अजून चालू आहे.

ब्रिन्याने वरची खोली रंगवली. तुझी होती ती. पिवळी. कोणी राहत नाही.

आत्ता पूर्ण पेटला. बंद करायला जातो.

वाल्डी


व्हिक्टोरिया
४ डिसेंबर २०१३

प्रिय वाल्डी,

अडीच वर्षांत पहिलं पत्र, आणि तेही बल्बबद्दल. पाकीट फोडण्याआधी मी खुर्चीवर बसून घेतलं होतं. उगाच.

ठीक आहे, दुकान उघडते. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण गिऱ्हाईक समोर आलं की जीभ आपोआप सुरू होते.

पिळाच्या बल्बात पाऱ्याची वाफ असते. वाफ गारठली की उजेड गेला. खोक्यावर बारीक अक्षरात किमान तापमान लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही, कारण ते वाचायला आधी चांगला बल्ब लागतो. हा घरातला बल्ब आहे, वाल्डी. काही माणसं असतात तशी. आत, उबेत, बरी पेटतात. मला त्यांतलीच समज.

तुला एलईडी हवा. त्याचं सगळं उलटं. थंडी त्याला मानवते, बटण दाबल्याबरोबर पूर्ण पेटतो. पण सगळे सारखे नसतात. उणे चाळीसपर्यंत चालेल असं खोक्यावर छापलेलं हवं. वॅटचा आकडा बघू नकोस, तो किती वीज खातो तेवढंच सांगतो. उजेड किती देतो त्याचा आकडा वेगळा असतो, ल्यूमेन म्हणतात, गॅरेजला सोळाशेच्या खाली नको. रंग पांढरा घे, नाहीतर जाळ्याचा धागा दिसणार नाही. दारावरच्या हंडीसाठी बंद हंडीत चालणारा आणि दमट हवा सोसणारा, दोन्ही. नाहीतर जानेवारीत छान चालेल आणि जुलैत आतल्या आत उकडून मरेल.

आणि खोपटीत साठ वॅट? सहा महिने, दिवसरात्र? तिथे कोण पुस्तक वाचत बसतं? नऊ वॅटचा लाव. तेवढाच उजेड पडेल. या बाबतीत ब्रिन्या बरोबर आहे, तिला सांग मावशीने सांगितलं.

ओरेस्टकडे जाऊ नकोस. तो उरलासुरला माल गळ्यात मारेल. मी इथून निवडून पाठवते, प्रत्येकावर चिठ्ठी लावते, कुठला कुठे ते. तू फक्त शिडीवर चढ, आणि खाली कोणीतरी उभं असू दे.

इकडचं सांगायचं तर आमची इमारत विकली. उन्हाळ्यापर्यंत सगळ्यांनी निघायचं आहे. म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या एका जागेत दोन खोल्या मिळतात. एक मार्चपर्यंत सही करायची. एकदा केली की शेवटपर्यंतची सोय.

पिवळा रंग कोणी निवडला?

रूना


रिव्हरटन
२१ डिसेंबर २०१३

रूना,

खोकं आलं. बल्ब, लोकरी मोजे आणि विनारतेर्ता केक. सात थर मोजले. इंगा पाचच करायची. म्हणायची, रूना सात करते कारण तिला वेळ असतो. आलुबुखाराचा मुरंबा तुझ्या आईच्या हातचा लागतो. दोन दिवसांत मी एकट्याने संपवला. शेजारच्या ओस्करला सांगितलं, केक टपालात हरवला. त्याने माझ्या मिशीकडे बघितलं.

शिडी धरायला त्यालाच बोलावलं होतं. गॅरेजमधला लावला तेव्हा उणे तीस होतं. बटण दाबलं आणि आम्ही दोघंही मागे सरकलो.

ओस्कर म्हणाला, "बंद कर, बंद कर. मला तुझा खरा चेहरा बघायचा नाही."

जाळ्याचं प्रत्येक भोक दिसतं. गेल्या दोन हिवाळ्यांत मी किती वाईट सांधलं होतं तेही दिसतं. खुंटीवर इंगाचा कोट आहे. इतके दिवस मला तो काळा वाटत होता. गडद हिरवा आहे. विकत घेताना मी बरोबर होतो, तरी विसरलो.

दारावरचाही चांगला आहे. फक्त हंडीवर बर्फ साचतं आणि तसंच राहतं. जुन्या बल्बाने वितळून जायचं. रोज सकाळी झाडूने झटकतो. तक्रार नाही.

खोपटीतही लावला. तू सांगितल्याप्रमाणे.

पिवळा मी निवडला. ब्रिन्याला म्हटलं, रूनाच्या पडद्यांचा रंग असा होता. ती म्हणाली, "बाबा, मी जन्मायच्या आधीचे पडदे मला कसे माहीत असणार?" मग दुकानात मला तीन वेळा जावं लागलं, तो पिवळा मिळेपर्यंत.

त्या सहीचं काय करणार आहेस?

वाल्डी


व्हिक्टोरिया
२ जानेवारी २०१४

प्रिय वाल्डी,

दहा दिवस पाऊस आहे. इथे हिवाळा म्हणजे ओल्या छत्र्या. लोक पाच अंशाला मफलर गुंडाळतात आणि एकमेकांना सांगतात, काय थंडी आहे. मीही सांगते. सुरुवातीला हसू यायचं. मग एका वर्षी लक्षात आलं की मी हसत नाही, मला खरंच थंडी वाजते.

ती जागा बघून आले. पोरसवदा व्यवस्थापक होता, फार गोड बोलणारा. "मॅडम, इथे सगळे अगदी रमतात." मी विचारलं, जिन्यातले दिवे कोणी निवडले? तो म्हणाला, असेच आले. दिसत होतंच ते. खिडकीतून मोटारी लावायची जागा दिसते. तिच्या पलीकडे भिंत, भिंतीच्या पलीकडे समुद्र आहे असं तो म्हणाला. मी विश्वास ठेवला.

संध्याकाळी बंदरावर जाते. मासे उतरवताना बघते. इथले मासे मोठे असतात, देखणे असतात. पण त्यांना सरोवराचा वास नाही. बाबा आणि तू गाडीतून पेट्या उतरवायचात तेव्हा पिकरेल मासे दगडासारखे कडक झालेले असायचे, एकमेकांवर आपटले की लाकडाचा आवाज यायचा. तो आवाज मी इथे कोणाला समजावून सांगू शकत नाही.

तुझ्या पत्रात हंडीवरच्या बर्फाचं वाचलं तेव्हा मला काहीतरी खटकलं. काय ते लक्षात आलं नाही. पुन्हा वाचलं, तरी नाही. हंडी थोडी तिरकी बसवून बघ.

सहीचं ठरत नाही. कोणी काही म्हणत नाही, मग ठरवायचं कशावरून?

पडद्यांचा रंग तुला आठवत होता हे मला माहीत नव्हतं.

रूना


रिव्हरटन
१५ जानेवारी २०१४

रूना,

सगळं ठीक आहे. उणे सदतीस झालं होतं, आता तीसवर आलं. बल्ब तिन्ही चालू आहेत. खोपटीतला तर फारच छान.

हंडी तिरकी केली. फरक पडला.

सध्या कॉफीला सरोवराचं पाणी वापरतो. ओस्करने बर्फात भोक पाडून दिलं आहे. चव तुझ्या आईच्या कॉफीसारखी लागते. येता-जाता चालणं होतं, ते डॉक्टरलाही हवंच होतं.

डावं मनगट जरा दुखतं, कागद धरता येत नाही, म्हणून अक्षर असं आहे.

सहीबद्दल मी काय सांगणार? जागेला भिंत आहे म्हणतेस. वारा लागणार नाही.

वाल्डी


व्हिक्टोरिया
२६ जानेवारी २०१४

वाल्डी,

काल रात्री ब्रिन्याचा फोन आला. दीड तास बोलत होती. आधी रागाने, मग रडत.

तुझ्या घरात अठ्ठावीस डिसेंबरपासून पाणी नाही. पंप गोठून तडकला, नळ फुटला. तीन आठवडे तू घसरगाडीवर बादल्या ओढतोयस, बहात्तराव्या वर्षी, आणि वाटेत पडून मनगट मोडून घेतलंस. ते "जरा दुखत" नाही, त्याला प्लास्टर आहे. पोरगी रविवारी अचानक आली म्हणून कळलं, नाहीतर तू एप्रिलपर्यंत सरोवराच्या कॉफीचं कौतुक करत बसला असतास.

ती म्हणाली, "मावशी, बाबांनी खोपटीत कसलातरी नवा बल्ब लावलाय. हात लावला तर गार. असला बल्ब त्यांना कोणी दिला?"

मी म्हटलं, मी.

ती म्हणाली, "मी जुने काढले ते गॅरेजातले आणि दारावरचे. खोपटीतल्याबद्दल मी फक्त चिडवायचे. तो दिव्यासाठी नसतो, मावशी. तो उबेसाठी असतो. हे इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे."

वाल्डी, हे मला माहीत होतं. वीज आली त्या वर्षी बाबांनी तो बल्ब लावला तेव्हा मी खोपटीत उभी होते. ते म्हणाले, ही आता पंपाची शेगडी. पुढे मी शाळेतून येताना रोज तिथे शिरायचे आणि दोन्ही तळहात त्याच्याजवळ धरायचे. काच इतकी तापलेली असायची की हातमोज्याची लोकर करपल्याचा वास यायचा. सव्वीस वर्षं मी बल्ब विकले आणि लोकांना सांगितलं, हा बघा, अजिबात तापत नाही, एवढी वीज वाचते. सांगता सांगता मी तो बल्ब विसरले. एक माणूस जिथे जन्मला तिथलं इतकं विसरू शकतो?

आता तुझी पाळी. मी विसरले. तू विसरला नव्हतास. तू शेहेचाळीस हिवाळे तो बल्ब जपलास. माझी चिठ्ठी वाचून तू हसायला हवं होतंस, ओस्करला दाखवायला हवी होतीस, वेडी झाली ही व्हिक्टोरियात राहून. मग तू तो का लावलास? आणि पाणी गोठल्यावर कोणालाच का सांगितलं नाहीस? ओरेस्टला म्हणे तू सांगितलंस की दाराखालून वारा शिरला.

ब्रिन्या म्हणते, गिमलीच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झाली आहे. तीन मार्चला ती तुला सही करायला नेणार. तिचं चुकत नाही. महिन्यातून एकदा ती बर्फातून दोन तास गाडी हाकत येते आणि वाटेत दर वेळी तिला वाटतं, तू पडलेला सापडशील. पण तू त्या घरातून निघालास तर माझ्यामुळे निघालास असं होईल, आणि ते घेऊन मला त्या भिंतीकडे बघत बसावं लागेल.

अजून एक, लिहितेच आहे तर. सदुसष्ट सालच्या फेब्रुवारीत एकदा मी खोपटीत हात शेकत होते आणि तू बादली घेऊन आलास. मी सरकून जागा केली होती. तुला दिसलं नसेल.

लगेच उत्तर लिही. एक मार्च लांब नाही.

रूना


रिव्हरटन
१२ फेब्रुवारी २०१४

रूना,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. तीनदा लिहिलं, तीनदा चुलीत टाकलं. मनगटाचं निमित्त नको, उजवा हात शाबूत आहे.

दिसलं होतं.

बादली भरली आणि गेलो. इंगाचं आणि माझं तेव्हा ठरलेलं होतं. तुझ्या वडिलांनी जाळी अर्धी माझ्या नावावर करून दिली होती. जूनमध्ये लग्न होतं. त्या दिवशी सरकून बसलो असतो तर उठलो नसतो, एवढं मला कळत होतं. सप्टेंबरमध्ये तू गेलीस. सगळ्यांना सांगितलंस, थंडी सोसत नाही. मी ते मानलं, कारण मानणं सोपं होतं.

इंगाबरोबर चव्वेचाळीस वर्षं चांगली गेली. त्यातलं मी काही खोडत नाही. तुलाही तसं नको असेल.

आता बल्ब. खोपटीत गेलो तेव्हा तुझी चिठ्ठी खिशात होती. जुना काढला. हातमोज्यातूनही गरम लागत होता. मी तो हातात धरून उभा राहिलो. मला माहीत होतं, रूना. कोणालाही माहीत असतं. पण तुझ्या अक्षरात लिहिलं होतं: हा खोपटीत लाव. अडीच वर्षांत मला कोणी काही कर म्हणून सांगितलं नव्हतं. सगळे काय करू नको तेच सांगतात. शिडीवर चढू नको. बर्फावर एकटा जाऊ नको. मीठ खाऊ नको. तू सांगितलंस, लाव. लावला.

मग आठ दिवस दर तीन तासांनी जाऊन पंपाला हात लावत होतो. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. इंगाचं जुनं पांघरूण घातलं. जुना बल्ब पुन्हा लावायला एक मिनिट लागलं असतं. पण मग तुझं चुकलं असं झालं असतं. तू पुन्हा लिहिलं नसतंस. अठ्ठावीसच्या पहाटे डोळा लागला, सहाला गेलो तर पंप फुटलेला.

मूर्खपणा झाला. ओस्करला परवा खरं सांगितलं. तो म्हणाला, "वाल्डी, लोक फुलं पाठवतात."

पंप मागवला आहे, यायला वेळ लागेल. खोपटीत जुना साठचा परत लावला, ओरेस्टकडे अजून मिळतात. गॅरेजमधला आणि दारावरचा तुझेच आहेत. त्या दोन जागांचं तू सांगितलेलं शंभर टक्के बरोबर होतं.

ब्रिन्या तीनला दहा वाजता येणार. सही करावी की नाही ते तिला अजून सांगितलेलं नाही.

तू ये. हे मी सदुसष्टमध्ये लिहू शकत नव्हतो आणि नंतर लिहायचा मला हक्क नव्हता. आता आहे की नाही माहीत नाही. पाणी नाही, कान नाहीत, हिवाळा अजून दोन महिने आहे. तरी ये.

वाल्डी


व्हिक्टोरिया
२० फेब्रुवारी २०१४

वाल्डी,

पत्र काल मिळालं.

दोन मार्चला, रविवारी, दुपारी विनिपेगला उतरते. ब्रिन्याला सांगितलं आहे, ती विमानतळावरून आणून सोडेल आणि परत जाईल. उन्हाळ्यापर्यंत थांब, असं ती म्हणत होती. उन्हाळ्यात तिकडे कोणीही येतं.

शिडीवर चढू नकोस. हे माझं "करू नको" यादीत धर.

रूना


(स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा रेघांचा कागद, २ मार्चच्या संध्याकाळचा. दोघं समोरासमोर बसून लिहीत होते.)

वाल्डी: हळू बोलतेस. ऐकू येत नाही. लिही.

रूना: ओरडले तर ओस्करला ऐकू जाईल.

वाल्डी: जाऊ दे. त्याला हिवाळ्यात दुसरी करमणूक नाही.

रूना: गाडीतून दारापर्यंत आले तेवढ्यात नाकातले केस गोठले. हे होतं हे विसरले होते.

वाल्डी: वर पाण्याची बादली ठेवली आहे. झाकण घातलं आहे.

रूना: खोली बघितली. रंग तोच आहे.

वाल्डी: तीन खेपा.

रूना: लिहिलं होतंस. वाल्डी, एक सांगायचं आहे. मी त्या जागेची सही केली.

वाल्डी: कधी?

रूना: चौदा फेब्रुवारीला. तुझं पत्र एकोणीसला आलं. मी रोज पेटी उघडून बघत होते. मग मला वाटलं, उत्तर नाही हेच उत्तर.

रूना: काहीतरी लिही.

वाल्डी: दहा दिवस मी ते पत्र अडवून बसलो.

रूना: हो.

वाल्डी: तरी आलीस.

रूना: परतीचं तिकीट बारा तारखेचं आहे.

वाल्डी: ब्रिन्या उद्या दहाला येते.

रूना: तिला काय सांगणार आहेस?

वाल्डी: तू सांग.

रूना: नाही. मी सांगायचं आणि तू करायचं, त्याचं काय झालं ते बघितलं. या वेळी तू सांग.

वाल्डी: मी गिमलीला जाणार नाही. तू इथे राहा.

रूना: किती दिवस?

वाल्डी: ते मला मोजायला लावू नकोस.

रूना: मी अडुसष्ट वर्षांची आहे. माझा खुबा दुखतो. मला इथलं काही येत नाही आता. मी बल्ब बदलून पंप फोडते.

वाल्डी: शिकवीन.

रूना: इंगाचा कोट खुंटीवरून काढणार नाहीस ना?

वाल्डी: नाही.

रूना: काढू नकोस. मला तो तिथेच हवा.

वाल्डी: मग राहतेस?

रूना: सकाळी सांगते.


३ मार्च, सकाळ (त्याच कागदाच्या मागे, वाल्डीच्या अक्षरात)

उणे एकोणतीस, वारा नाही. रूना माझ्याआधी उठली होती. नऊ वाजता तिने पर्समधून सही केलेला कागद काढला आणि सही मागे घ्यायला, त्यावरचा नंबर बघून, व्हिक्टोरियाच्या त्या जागेच्या कार्यालयाला फोन लावला. तिकडे सातच वाजले होते. कोणी उचलला नाही. ती खुर्ची ओढून फोनपाशी बसून राहिली.